अमेरिकेतल्या परवानाधारक बंदूक दुकानांचा वस्तीतल्या गोळीबाराशी खरंच संबंध असतो का?

असतो, पण सरसकट सगळ्या दुकानांचा नाही. गुन्ह्यात सापडलेली बंदूक पहिल्यांदा कुठे विकली गेली याचा माग एटीएफ ही केंद्रीय यंत्रणा काढते. तिच्या २००० सालच्या अहवालानुसार, माग लागलेल्या बंदुकांपैकी ५७ टक्के फक्त १.२ टक्के दुकानांतून गेल्या होत्या. अर्थात, माग दुकानापर्यंत पोचला म्हणून दुकानदार दोषी ठरत नाही. जिथे विक्री जास्त, तिथे आकडाही वाढतो. पण एवढी तफावत निव्वळ विक्रीने येत नाही.

बंदूक बाहेर जाते ती बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावावर. ज्याला कायद्याने बंदूक घेता येत नाही तो मित्राला किंवा मैत्रिणीला पुढे करतो आणि ‘ही माझ्यासाठीच’ असं फॉर्मवर लिहून घेतो. काउंटरवरच्या माणसाला हे पुष्कळदा दिसत असतं. मिलवॉकीजवळच्या बॅजर गन्समधून २००९ साली अशीच विकलेली बंदूक दोन पोलिसांवर चालली. २०१५ मध्ये ज्युरीने दुकानाला जबाबदार धरून सुमारे ६० लाख डॉलरची भरपाई ठरवली.

त्याच जागेवरच्या आधीच्या दुकानाने १९९९ मध्ये स्वस्त, छोट्या पिस्तुलांची विक्री स्वतःहून थांबवली होती. त्यानंतर मिलवॉकी शहरात गुन्हेगारांकडे जाणाऱ्या नव्या बंदुका ४४ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांना आढळलं. म्हणून मला वाटतं, पोलीस गल्लीबोळात जेवढे फिरतात तेवढीच तपासणी या मोजक्या काउंटरांची व्हायला हवी. २००५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र विक्रेत्यांवर दावा लावणंच फार अवघड करून ठेवलंय.