लेकीची ऑप्टोमेट्री आणि विहिरीकडचं एकर

औसा तालुक्यातले एक शेतकरी वाचक विचारतात: "मुलगी बारावी सायन्स झाली. नीटला एमबीबीएसपुरते मार्क नाहीत. पुण्यात एका खासगी कॉलेजला बी. ऑप्टोमला (डोळे तपासून नंबर काढायचा पदवी कोर्स) प्रवेश मिळतोय. फी, राहणं, जेवण धरून 4 वर्षांचा खर्च 8 लाख. 2 लाखांची एफडी आहे. 4 एकरांपैकी विहिरीकडचं एकर विकलं तर 14 लाख येतात. 6 लाख शिक्षणाला घालू, उरलेल्यात पुढं तिला चष्म्याचं दुकान टाकून देऊ. विकावं का?"

दादा, नका विकू. शिक्षण चांगलं आहे, पण त्यासाठी नेमकं हेच एकर काढणं मला पटत नाही. विहीर गेली की उरलेली तीन एकरं कोरडवाहू झाली. मग सोयाबीन पावसाच्या भरवशावर आणि रब्बी तर देवाच्याच. म्हणजे विकताय एक एकर, पण कमाई चारही एकरांची घटणार.

6 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढा. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या मॉडेल योजनेत साडेसात लाखांपर्यंत जमीन तारण द्यावी लागत नाही. आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज व कोर्स केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसत असेल, तर शिक्षणाच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. कोर्स अर्धवट सोडला तर ही सवलत जाते. राज्य सरकारच्या मुलींसाठीच्या फीमाफीवर मात्र विसंबू नका. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ती लागू नाही.

अनुदान नाही मिळालं तर? दरवर्षी दीड लाख उचललं, व्याज 10 टक्के धरलं, तर शिक्षणाची चार आणि पुढचं एक अशा पाच वर्षांत सुमारे 2 लाख 10 हजार व्याज साचतं आणि 6 लाखांचे 8 लाख 10 हजार होतात. सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर हप्ता साडेतेरा हजारांच्या घरात. तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात (पहिल्या वर्षी 1,250, दुसऱ्या वर्षी 2,500, तिसऱ्या वर्षी 3,750, पुढं 5,000) तर मुद्दल 6 लाखच राहतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण 7,900. मी तिचा सुरुवातीचा पगार हिशेबाला महिना 18,000 धरतो. त्यात साडेतेरा हजारांचा हप्ता बसणारच नाही. 7,900 चा ओढाताण करून बसतो, तोही ती घरी राहून जवळपास नोकरी करत असेल तर. दरमहा व्याज भरणं म्हणूनच सोडू नका. "कर्जावर टॅक्स वाचतो" असं कुणी सांगेल, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं तुमचा टॅक्स मुळात वाचायचा नाही.

आता ज्यावर सगळा पैसा तरतो किंवा बुडतो, ती गोष्ट. हा कोर्स साधारण तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा असतो. ऑप्टोमेट्रिस्ट ऑपरेशन करत नाही. तो नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, तिरळेपणा तपासतो, काचबिंदू किंवा मधुमेहानं पडदा खराब झाल्याच्या खुणा दिसल्या की नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. रेटिनोस्कोपचा उजेड बाहुलीवरून फिरवला की आतली लाल चमक उजेडाच्या दिशेनं सरकते की उलटी, यावरून न बोलणाऱ्या बाळाचाही नंबर काढता येतो. हा हात पुस्तकानं बसत नाही. त्यासाठी रांगेनं पेशंट हवेत. जिथं हॉस्पिटल नावापुरतं आहे, तिथून पोरगी डिग्री घेऊन येईल, पण कंपनीच्या शोरूममध्ये फ्रेम विकायला उभी राहील.

फी भरण्याआधी तिला घेऊन कॉलेजला जा, तेही सकाळी ओपीडीच्या वेळेला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा: स्वतः किती पेशंट तपासता, इंटर्नशिप कुठं होते, त्या वर्षाचीही फी घेतात की स्टायपेंड मिळतो? इकडे जालन्याचं गणपती नेत्रालय आहे, उदगीरचं लायन्सचं नेत्र रुग्णालय आहे. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टना भेटा आणि त्या कॉलेजचं नाव घेऊन विचारा, "या पोरांना तुम्ही घेता का?" त्यांचं उत्तर माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा जास्त धरा.

परत नीट द्यायला लातूरच्या क्लासला आणखी एक वर्ष घालण्यापेक्षा मला हा रस्ता बरा वाटतो, तिला या कामाची आवड असेल तर. तेवढं तिला एकटीला बसवून विचाराच.

दुकानाचा विषय आज काढूच नका. स्लिट लॅम्प, ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, लेन्सोमीटर ही डोळे आणि काचा तपासायची यंत्रं, वर फ्रेमचा माल, यात काही लाख सहज अडकतात. तिनं दोन-तीन वर्षं नोकरी करून गिऱ्हाईक ओळखलं की मग बोलू. एफडीतले 2 लाख राहण्या-जेवणाला लावा, पण त्यातले 40-50 हजार न मोडता दुष्काळी सालासाठी राखून ठेवा. तेवढी रक्कम कर्जात वाढवून मागितली तरी ते साडेसात लाखांच्या आतच राहतं.