अ‍ॅप्निया नेमका कुठं तोडायचा?

राजारामपुरीत राहणारी माझी भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी रंकाळ्यावर फिरताना तिनं डिस्प्निया (धाप लागणं) आणि अ‍ॅप्निया (श्वास थांबणं) या डॉक्टरी शब्दांबद्दल विचारलं, "मामा, डिस्-प्निया म्हणायचं की डिस्प्-निया? आणि न्युमोनियाच्या स्पेलिंगमधला पी कुणी बोलत नाही, मग इथला कसा बोलतात?"

दुसरा प्रश्न आधी घेतो. ग्रीकमध्ये श्वासाला 'प्नोए' आणि फुप्फुसाला 'प्नेउमोन'. शब्दाच्या सुरुवातीला 'प्न' म्हणणं ग्रीक माणसाला आजही जड जात नाही. इंग्रजी जिभेला ते पेललं नाही, म्हणून न्युमोनियातला प गळाला. पण आधी एखादा स्वर आला की त्या प्‌ला टेकायला जागा मिळते: अ‍ॅप्-निया.

तोडायचं कुठं, तेही यातच आलं. अर्थासाठी फोड 'अ + प्निया', म्हणजे श्वास थांबणं. आणि 'डिस् + प्निया', म्हणजे त्रासाचा श्वास, धाप. हा 'अ' आपल्या 'अज्ञान'मधल्या 'अ'च्याच कुळातला आणि 'डिस्' हा दुष्काळ, दुर्गंधातल्या 'दुस्'चा सख्खा भाऊ. हे नातं मला फार जवळचं वाटतं. पण बोलताना शब्द अर्थाच्या सांध्यावर तुटतोच असं नाही. 'निरर्थक'ची फोड निर् + अर्थक, तोंडातून मात्र नि-रर्-थक येतं. तसंच अ‍ॅप्-नि-या, डिस्प्-नि-या.

देवनागरीत 'प्न' जोडून लिहितात, म्हणून डिस्-प्निया बरोबर वाटतं. 'स्वप्न' मोठ्यानं म्हणून बघा. स्वप्-न असंच ऐकू येईल. वृत्तात 'स्व' गुरू धरतात तो त्यामुळंच.

सगळ्यात जास्त घोटाळा ऑर्थोप्नियात होतो. आडवं झालं की धाप लागते, उठून बसलं की बरं वाटतं, ते हे लक्षण. 'ऑर्थोस' म्हणजे ताठ, सरळ. फोड ऑर्थो + प्निया, पण म्हणायचं ऑर्-थॉप्-निया. 'ऑर्थो' सुटं म्हटलं तर दवाखान्यात ऐकणाऱ्याचं लक्ष आधी हाडांकडं जातं.

डिस्प्नियातला प गाळलेला उच्चारही इंग्रजी कोशांत मिळतो. भाचीला मी प ठेवायला सांगितलं, कारण तो गेला की 'प्नोए'ची खूणच पुसते. पेशंटशी बोलताना मात्र यातलं काहीच नको. तिथं "आज्जी, धाप लागतीया काय?" एवढंच विचारायचं.