सूर्यानं कसली क्रांती केली?

एका वाचकानं विचारलं आहे: "घरच्या पंचांगात 'सूर्याची क्रांती' असं लिहिलेलं दिसलं, पुढे अंश आणि कला. सूर्यानं कसली क्रांती केली? आणि इंग्रजी 'रेव्होल्यूशन' म्हणजे मुळात फेरा असेल, तर त्याला आपण 'क्रांती' म्हणतो हे चुकलंच ना?"

पंचांगातली क्रांती जुनी आहे, मोर्चातली तिच्यामानानं अगदी अलीकडची. पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या विषुववृत्तापासून सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश सरकला आहे, ते अंतर म्हणजे त्याची क्रांती. २१ मार्चच्या सुमारास ती शून्य असते, २१ जूनच्या सुमारास जवळजवळ साडेतेवीस अंश उत्तर, आणि २२ डिसेंबरला तेवढीच दक्षिण. सूर्य वर्षभर ज्या वाटेनं जाताना दिसतो, ती वाट म्हणजे क्रांतिवृत्त.

हे आकडे पुस्तकातच राहतात असं नाही. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा. मेच्या मध्याच्या सुमारास सूर्याची उत्तर क्रांतीही साडेअठरा होते. गेल्या वर्षी त्या दुपारी मी गच्चीवर स्टीलचा एक उंच डबा ठेवून बसलो होतो. सावली आखडत आखडत डब्याच्या कडेला आली आणि साडेबाराच्या सुमारास पार बुडाखाली गेली. डब्याभोवती चहूकडे नुसतं ऊन. 'शून्य सावली' म्हणतात ती हीच. क्रांती आणि अक्षांश एक झाले की सावली नाही. त्या दिवसापासून हा शब्द मला पोथीतला वाटत नाही.

आता शब्दाच्या पोटात शिरू. संस्कृत धातू 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. आपण 'वाट क्रमतो', 'मार्गक्रमण करतो'. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा वामन म्हणून त्रिविक्रम. पराक्रम, आक्रमण, परिक्रमा, उपक्रम, झालंच तर महापालिकेचा अतिक्रमण विभाग, सगळी एकाच घरची मंडळी. आणि या घरातली आपल्या सर्वांत जवळची कोण, तर संक्रांत! सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल ठेवतो ते संक्रमण. मकरेत ठेवतो तेव्हा आपण तिळगूळ वाटतो.

इथे मला फार आवडणारी एक गोष्ट सांगतो. 'रीति'ची रीत झाली, 'जाति'ची जात झाली, 'संक्रांति'ची संक्रांत झाली. बायकांच्या वाणांतून, ओव्यांतून, 'त्याच्यावर संक्रांत आली' अशा बोलण्यातून शब्द इतका घासला गेला की शेवटचा इकार झडला. 'क्रांती'ची मात्र 'क्रांत' झाली नाही. ती ज्योतिषांच्या गणितात राहिली आणि तिथून वर्तमानपत्रांत आणि भाषणांत आली. स्वयंपाकघरातून गेलीच नाही.

इंग्रजी शब्दाचं चित्र वेगळं आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मागे वळणं, फिरून त्याच जागी येणं. कोपर्निकसचा १५४३ साली छापलेला ग्रंथ आकाशातल्या गोलांच्या फेऱ्यांवर आहे, आणि त्याच्या नावात हाच शब्द आहे. इंग्लंडमध्ये १६८८ साली राजा बदलला, त्यालाही हाच शब्द लागला. आपले जुने हक्क परत मिळाले, गाडी मूळ जागी आली, अशी तिथल्या पुष्कळांची समजूत होती. 'पूर्वी कधी नव्हतं असं काही' हा अर्थ पक्का झाला तो १७८९ च्या फ्रान्सपासून. पॅरिसचा बास्तीय तुरुंग लोकांच्या हाती पडल्याची बातमी ऐकून सोळाव्या लुईनं विचारलं, "हे बंड आहे का?" आणि सरदारानं उत्तर दिलं, "नाही महाराज, ही क्रांती आहे," असं सांगतात. बंड आणि क्रांती यांतला फरक समजावायला मला याहून नेमकं उदाहरण सापडलेलं नाही. बंड मोडता येतं. क्रांती झाली की मागचं दार बंद होतं.

म्हणून 'क्रांती' हा प्रतिशब्द चुकला, असं मला मुळीच वाटत नाही. इंग्रजी शब्द वर्तुळातून निघाला आणि वर्तुळ मोडून बाहेर पडायला त्याला शतकं लागली. आपला शब्द पहिल्यापासूनच उंबरठा ओलांडणारा. अरबीतून उर्दूत आलेल्या 'इन्किलाब'चं चित्र आणखी तिसरं: त्याच्या धातूचा अर्थ उलटं करणं, पालथं घालणं. शायर हसरत मोहानींनी १९२१ मध्ये 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा दिली, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ ला ती दिल्लीच्या असेंब्लीत दिली, आणि आजही आपल्याकडच्या मोर्चात ती मराठी घोषणांच्या शेजारी निःशंक उभी असते. भाषांतर करायची कुणाला गरज वाटत नाही.

फेऱ्याचं चित्र आपल्याकडे नाही असंही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं त्याला लोक धम्मक्रांती म्हणतात, आणि त्या दिवसाचं नाव आहे धम्मचक्र प्रवर्तन दिन. चाकाला गती देणं आणि उंबरठा ओलांडणं, दोन्ही एकाच दिवसाला लागू पडतं.

पण जिथे नुसता फेरा आहे, तिथे 'क्रांती' घालू नका, ही कळकळीची विनंती. आमच्या विहिरीवरच्या नव्या मोटारीसोबत मराठी पुस्तिका आली. तिच्यात छापलं होतं: 'प्रति मिनिट क्रांती १४४०'. मोटार बसवायला आलेल्या वायरमननं ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "दादा, हे काय असतं?" ज्याचा निम्मा जन्म मोटारी उघडण्यात गेला, त्याला त्याच्याच भाषेतली ओळ कळू नये, याचं मला फार वाईट वाटलं. तो रोज 'आरपीएम' म्हणतो, 'फेरे' म्हणतो, दोन्ही चालतात. मी पेनानं ती ओळ खोडून वर 'मिनिटाला १४४० फेरे' असं लिहिलं. भूगोलात याहून बारीक सोय आहे: पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. शाळेतल्या मुलांना हे पाठ असतं, आपणच मोठेपणी विसरतो.

लिहिण्याबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण चौकाचौकातल्या पाट्यांवर चूक दिसते. शब्द एकटा असेल किंवा शेवटी असेल तर 'ती' हे अक्षर दीर्घ: क्रांती, हरितक्रांती, औद्योगिक क्रांती. समासात आधी आला तर ऱ्हस्व: क्रांतिकारक, क्रांतिसिंह नाना पाटील, क्रांतिज्योती सावित्रीबाई. आणि माणसासाठी मराठीत 'क्रांतिकारक' हा चांगला शब्द आहे. 'क्रांतिकारी' निर्णयासाठी, शोधासाठी ठेवावा. हिंदीत माणसालाही 'क्रांतिकारी' म्हणतात, तिथून ते आपल्याकडे पसरतंय.

तारखेचंही एक ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात क्रांती दिन म्हटलं की ९ ऑगस्ट, १९४२ चा. गोव्यात मात्र तो १८ जूनला असतो. १९४६ साली त्या दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली होती. तेव्हा पणजीच्या मित्राला शुभेच्छा पाठवायच्या असतील, तर जूनमध्ये पाठवा.