घरच्या ओटीजीमध्ये (विजेच्या लहान ओव्हनमध्ये) चॉकलेट चिप कुकीज जाड आणि मऊ कशा करता येतील?

आपण निपाणीहून विचारले आहे की घरी केलेल्या चॉकलेट चिप कुकीज ट्रेमध्ये पापडासारख्या पसरतात, निवल्यावर कडक होतात आणि मैदा वाढवला तर जाड होण्याऐवजी नुसत्याच कोरड्या पडतात. मी बेळगावात घरगुती मागणीनुसार कुकीज करून देते, त्या अनुभवावरून उत्तर लिहीत आहे.

माझ्या मते आपल्याकडे या कुकीज बिघडतात त्या साहित्यामुळे नव्हे, तर नानकटाईच्या सवयीमुळे. नानकटाईसाठी आपण तूप आणि पिठीसाखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसतो, गोळे वळले की लगेच भाजायला लावतो आणि आतपर्यंत खुसखुशीत झाल्याशिवाय बाहेर काढत नाही. मऊ कुकीला यातली एकही गोष्ट मानवत नाही. लोणी आणि साखर जास्त फेसली तर मिश्रणात हवा भरते, भाजताना गोळा आधी फुगतो आणि मग बसून पसरतो. म्हणून दोन्ही नुसती एकजीव झाली की थांबावे.

पसरण्याचे मुख्य कारण मात्र उष्णता हेच आहे. लोणी साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळते आणि अंडे व मैदा घट्ट होऊन आकार धरतात ते त्यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला. या मधल्या वेळात गोळा जितका वितळेल तितकी कुकी पातळ होते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या स्वयंपाकघरातले लोणी ओट्यावरच पाघळू लागलेले असते, त्यामुळे तो गोळा ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच अर्धा हरलेला असतो. यावर उपाय एकच, गोळे वळून किमान दोन तास, शक्य असल्यास रात्रभर, फ्रिजमध्ये झाकून ठेवावेत आणि फ्रिजमधून काढताच भाजायला लावावेत. गोळे चपटे करू नयेत. उलट पेढ्यापेक्षा मोठे आणि रुंदीपेक्षा किंचित उंच असे साधारण 50 ग्रॅमचे ठेवावेत.

माझे प्रमाण असे आहे: मैदा 180 ग्रॅम, लोणी 115 ग्रॅम, ब्राउन शुगर 100 ग्रॅम, साधी बारीक साखर 50 ग्रॅम, एक अंडे, कॉर्नफ्लॉवर एक चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, थोडा व्हॅनिला अर्क आणि चॉकलेट चिप्स 150 ग्रॅम. यात बारा-तेरा कुकीज होतात. बाजारातले खारवलेले बटर वापरल्यास वेगळे मीठ घालू नये. घरच्या ताकावरचे लोणी घेणार असाल तर ते दाबून त्यातले पाणी नीट काढून टाकावे आणि मगच वजन करावे, कारण ते पाणी कुकी आणखी पसरवते. मैदा वाटीने मोजू नये. दाबून भरलेली आणि हलक्या हाताने भरलेली वाटी यांत बराच फरक पडतो, आणि आपल्या कोरड्या कुकीजचे मूळ मला तिथेच दिसते. मैदा घातल्यावर मिश्रण फार मळू नये, पांढरे दिसेनासे झाले की चिप्स घालून थांबावे.

मऊपणाचे श्रेय बव्हंशी ब्राउन शुगरला जाते. तिच्यातली मळी ओलावा धरून ठेवते. नुसती पांढरी साखर वापरली तर कुकी पातळ आणि कुरकुरीत होते. आपला भाग उसाचा असल्यामुळे गूळ चालेल का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. चालतो, कारण गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखराही असतात आणि त्या ओलावा धरून ठेवतात. परंतु मी ब्राउन शुगरच्या निम्म्याच वजनाचा गूळ घेते, तो बारीक किसते आणि लोण्यात पूर्ण मिसळल्याची खात्री करून घेते. गुऱ्हाळावरचा मऊ, ओलसर गूळ टाळावा. गुळाच्या कुकीचा रंग लवकर चढतो, म्हणून रंगावर विसंबू नये.

अंडे न खाणाऱ्या घरांत 45 ग्रॅम चक्का घालता येतो. अशी कुकी मऊ होते, पण तिचा पोत थोडा केकच्या अंगाने जातो, हे मान्य करूनच ती करावी.

ओव्हन 180 अंशांवर किमान पंधरा मिनिटे तापू द्यावा, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवाव्यात आणि ट्रे मधल्या फळीवर ठेवावा. लहान ओटीजीचा काटा अनेकदा चुकीचे तापमान दाखवतो, त्यामुळे आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेणे हा वाया न जाणारा खर्च आहे. एका खेपेला सहाच गोळे ठेवावेत आणि दुसरी खेप गरम ट्रेवर लावू नये. अकरा ते तेरा मिनिटांत कडा हलक्या सोनेरी होतात आणि मध्यभाग फिकट, ओलसर, जवळजवळ कच्चा दिसतो. नेमक्या त्याच क्षणी ट्रे बाहेर काढावा. या वेळी कुकी उचलायला गेल्यास ती हातात मोडते, म्हणून तिला दहा मिनिटे ट्रेवरच ठेवावे. ट्रेच्या उष्णतेने मध्यभाग तेवढ्या वेळात शिजून घट्ट होतो. मध्यभाग घट्ट लागेपर्यंत वाट पाहिली तर निवल्यावर कडक कुकीच हाती येते, आणि ही नानकटाईची सवय मोडायला सर्वांत अवघड आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, म्हणून कृती बदलावी लागेल असेही काही जण सांगतात. एवढ्या उंचीचा कुकीवर फारसा परिणाम होत नाही; आपल्या पावसाळ्याचा होतो. जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर राहिलेली कुकी काही तासांत चिवट होते, तर हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत ती कडक होते. दोन्ही ऋतूंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि हिवाळ्यात सोबत पावाचा एक तुकडा घालावा, म्हणजे त्यातला ओलावा कुकीला मिळतो.

सगळ्या कुकीज एकदम भाजण्याची गरज नाही. वळलेले गोळे फ्रीझरमध्ये महिनाभर चांगले राहतात. ते न वितळवता तसेच ट्रेवर ठेवावेत आणि भाजण्याची वेळ दोन मिनिटांनी वाढवावी.