ग्रुपवर निकाल लागला, औषध बाद!

प्रश्न : आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका नावाजलेल्या बागायतदाराने टाकलं, ‘भुरीवर बॅसिलस मारून काही फरक नाही.’ (भुरी म्हणजे द्राक्षावरचा पांढरा बुरशीरोग, बॅसिलस हे त्यावरचं जिवाणूंचं जैविक औषध.) दोघा-तिघांनी ‘आमचंही तेच’ म्हटलं आणि सगळ्यांनीच ते सोडलं. दाजी म्हणतात, ग्रुपमुळे नुकसानच झालं. माहिती झटपट मिळाली तर नुकसान कसलं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दाजींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे आधी विचारतो : फवारणी भुरी दिसण्याआधी झाली, की पानं पांढरी पडल्यावर? जैविक औषध उशिरा मारलं तर त्याचा काय दोष? ग्रुपवर मात्र ‘फरक नाही’ एवढंच पोचतं.

डॉक्टरमंडळीही यात फसली आहेत. प्रश्न होता, पोटातल्या अल्सरमागे जिवाणू असतील का? १९५४ मध्ये अमेरिकेत एडी पामर यांनी १,१८० रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासून सांगितलं, जिवाणू नाहीत. त्यांनी वापरलेल्या रंगात ते नीट दिसतच नव्हते! पण एवढा मोठा अभ्यास म्हटल्यावर बहुतेकांनी तो नाद सोडला. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जिवाणू दिसले, पुढे चांदीयुक्त रंग वापरल्यावर स्पष्टच. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी तर १९८४ मध्ये ते स्वतः पिऊन पाहिले. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

केविन झोलमन या तत्त्वज्ञाने संगणकावर असेच काल्पनिक संशोधक बसवले. प्रत्येक जण आपल्याला बरा वाटतो तोच उपाय करून बघतो, आणि ओळखीच्यांचे निकाल पाहून मत बदलतो. सगळे सगळ्यांना जोडलेले असले की निर्णय लवकर होतो. पण सुरुवातीचे चार निकाल वाईट आले की चांगला उपाय सगळेच एकदम टाकतात, आणि मग नवा पुरावा येणार कुठून? फक्त दोन शेजाऱ्यांशी बोलणारे रेंगाळतात, पण बरोबर उत्तरावर जास्त वेळा पोचतात. अर्थात दोन उपायांत फरक मोठा असेल तर जोडणी कशीही चालते, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय. गारपिटीचा इशारा तर सगळ्यांना एकदमच जायला हवा.

तेव्हा ऑक्टोबर छाटणीनंतर चौघांनी आपापल्या बागेत दोन-दोन ओळी बॅसिलसला द्या, शेजारच्या दोन नेहमीच्या फवारणीला. तारखा आणि भुरी आलेले घड वहीत लिहा. हंगाम संपेपर्यंत ग्रुपवर चकार शब्द नको. त्या नावाजलेल्या बागायतदारांनाही घ्या. फक्त त्यांची वही सर्वांत शेवटी उघडा.