उशिरा बाप होणे : सत्तराव्या वर्षाखालची लाल रेघ

"मूल दहावीला जाईल तेव्हा मी पासष्टीला टेकलेला असेन. या वयात बाप होणे म्हणजे त्या मुलावर अन्यायच नाही का?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून विचारणारे पुरुष गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. कोणाचे लग्न उशिरा झालेले असते, कोणी अनेक वर्षे उपचार घेतलेले असतात, तर कोणाच्या दुसऱ्या संसारात मूल येणार असते. प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज खाली येतो, आणि काही जण तर तो विचारून झाल्यावर स्वतःच हसतात. त्यांपैकी एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

हे गृहस्थ राज्य शासनाच्या सेवेत अभियंता आहेत. मूळचे निफाड तालुक्यातले, नोकरीमुळे नाशकात स्थायिक झालेले. ते १९ वर्षांचे असताना वडील गेले. मागे आई, दोन धाकट्या बहिणी आणि द्राक्षबागेवरचे कर्ज उरले. बहिणींची लग्ने आणि कर्जाची फेड उरकून त्यांनी स्वतःचे लग्न केले तेव्हा ते ४२ वर्षांचे होते आणि पत्नी ३२ वर्षांची. पुढे चार वर्षे वाट पाहण्यात गेली, मग आयव्हीएफचा एक प्रयत्न वाया गेला आणि दुसऱ्याला यश आले. मुलगी झाली तेव्हा त्यांनी ४८ वे वर्ष नुकतेच ओलांडले होते. ती पाच महिन्यांची असताना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले, कारण रात्री छातीत धडधड होऊन त्यांना जाग येत असे आणि ईसीजी, टू-डी इको या सगळ्या तपासण्या मात्र निर्दोष आल्या होत्या.

पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. वहीत दोन रकाने आखलेले होते, डावीकडे मुलीचे वय आणि उजवीकडे स्वतःचे. मुलीच्या दहाव्या वर्षासमोर '५८, निवृत्ती' असे लिहिले होते, सोळाव्यासमोर '६४, दहावीचा निकाल' आणि एकविसाव्यासमोर '६९, सुकन्या खात्याची मुदत पूर्ण'. बाविसाव्या वर्षासमोर ७० हा आकडा होता आणि त्याच्याखाली पट्टीने एक लाल रेघ ओढलेली होती. रेघेखाली काहीही लिहिलेले नव्हते.

येथे माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. ती वही पाहून मी चटकन म्हणाले, "अहो, हल्ली पन्नाशी म्हणजे काय वय आहे का!" त्यांनी मान डोलावली, वही मिटली आणि राहिलेला अर्धा तास ते कार्यालयातल्या बदल्यांविषयी बोलत राहिले. आपल्याकडे उशिरा बाप होणाऱ्याला दोनच गोष्टी मिळतात, थट्टा किंवा असा वरवरचा दिलासा. त्या माणसाने वही आखली होती, म्हणजे त्याला हिशेब मांडायचा होता, आणि मी तो मांडूच दिला नाही.

दुसऱ्या भेटीत मी वही मागून घेतली आणि त्यांना विचारले, "ही रेघ सत्तरावरच का?" भारतातले सरासरी आयुर्मान ७० वर्षे आहे, असे त्यांनी वाचले होते. आकडा चूक नव्हता, त्याचा अर्थ मात्र चुकला होता. सरासरी आयुर्मान म्हणून जो आकडा सांगतात तो आज जन्मणाऱ्या बाळासाठी काढलेला असतो आणि त्यात अर्भकावस्थेत, बालपणात किंवा तरुणपणी झालेले मृत्यूही धरलेले असतात. जो माणूस हे सगळे टप्पे ओलांडून पन्नाशीजवळ आला आहे, त्याच्यापुढची सरासरी वर्षे त्या आकड्यातून स्वतःचे वय वजा करून निघत नाहीत, ती त्याहून जास्त असतात. त्यांनी हे अभियंत्याच्या सवयीने दोनदा तपासून घेतले. एवढ्याने भीती गेली असे नाही, परंतु ती रेघ कोणी सरकारी खात्याने ओढलेली नसून आपणच ओढली आहे, हे त्यांना पटले.

मग त्यांनी खालच्या आवाजात खरा प्रश्न विचारला. "माझ्या वयामुळे तिच्यात काही दोष राहिला असेल का?" ते रोज मोबाइलमध्ये पाहत असत की बाळ मान कधी धरते, कुशीवर कधी वळते, हाक मारल्यावर किती वेळाने पाहते. या प्रश्नाला खोटे गोड उत्तर देऊ नये, असे माझे मत आहे. पुरुषाला वय नसते, ही समजूत चुकीची आहे. शुक्राणू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात आणि प्रत्येक वेळी जनुकीय मजकुराची नक्कल करताना थोड्या चुका राहतात. आइसलँडमधील कुटुंबांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की बापाचे वय एका वर्षाने वाढले की मुलात सरासरी सुमारे दोन नवे बदल अधिक आढळतात. त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात. ऑटिझम, स्किझोफ्रेनिया आणि काही दुर्मीळ जन्मजात विकारांची शक्यता बापाच्या वयाबरोबर काहीशी वाढते हे खरे आहे, परंतु वाढूनही ती लहानच राहते आणि अशा बापांची बहुतांश मुले निरोगी जन्मतात. ज्यांना अजून मूल व्हायचे आहे, त्यांनी ही माहिती डॉक्टरांसमोर बसून समजून घ्यावी. आपल्या २०२१च्या कायद्याने आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे, पण कायद्यात बसतो म्हणून चौकशी टाळावी, असे नव्हे. ज्यांचे बाळ घरात आलेले आहे, त्यांना मात्र इतर आईबापांहून वेगळे काही करायचे नसते. लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना वाढीचे टप्पे दाखवावेत आणि मधल्या दिवसांत बाळाकडे परीक्षकासारखे पाहणे थांबवावे.

लसीकरणाचे नाव निघताच ते गप्प झाले. चौदाव्या आठवड्याच्या लशीला ते मुलीला घेऊन गेले होते, तेव्हा रांगेतल्या एका बाईंनी आपुलकीने म्हटले होते, "आजोबा, तिला जरा उभं धरा, म्हणजे रडायची थांबेल." त्या दिवसानंतर ते मुलीला घेऊन बाहेर पडले नव्हते. केसांना कलप लावायला त्यांनी त्याच आठवड्यात सुरुवात केली होती. आपल्या समाजात मुलीचे वय लग्नाआधी विचारतात आणि पुरुषाचे वय त्याच्या मुलाच्या बारशात निघते. त्यामुळे आयुष्यात वयावरून कधीच न टोकला गेलेला पुरुष पन्नाशीत पहिल्यांदा टोकला जातो आणि ते कसे सोसावे, हे त्याला ठाऊक नसते.

तिसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नी आल्या. वही त्यांना माहीत नव्हती, पण वहीचे परिणाम त्या रोज पाहत होत्या. सुकन्या खाते, मुदतीचा विमा, गावच्या जमिनीचे कागद, सगळे काही झाले होते, पण रात्री मुलगी रडली की हे गृहस्थ पाठदुखीचे कारण सांगून कूस बदलत असत. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला हिचे बाबा घरात हवे होते, यांनी ट्रस्टी आणून बसवलाय." यावर त्यांचे उत्तर होते, "तिला फार लळा लागला आणि मग मी..." वाक्य पूर्ण झाले नाही.

तेव्हा मी त्यांना वडिलांविषयी विचारले. वडील बाप झाले तेव्हा किती वर्षांचे होते? २७. गेले तेव्हा? ४६. आकडे त्यांनी सवयीने सांगितले आणि मग स्वतःच वहीकडे पाहत राहिले. योग्य वयात बाप झालेला माणूस मुलाला १९ वर्षेच पुरला होता. लाल रेघ खरी धरली तरी त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या वाट्याला त्याहून तीन वर्षे जास्त येत होती. हा हिशेब मी मांडला नाही, त्यांनीच मांडला. मला मात्र आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटली आणि ती मी त्यांना सांगितली. ते आता त्यांच्या वडिलांनी कधी न पाहिलेल्या वयात आले होते. ४८ वर्षांचा बाप घरात कसा बसतो, कसा थकतो, मुलांशी कसा खेळतो, हे त्यांनी आपल्या घरात पाहिलेलेच नव्हते, म्हणून त्या वयाचे एकच रूप त्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि ते म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो.

त्यांची मनःस्थिती एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घेतली. बाळंतपणानंतरचे नैराश्य बापांनाही येते. ४३ अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात, जे २०१० साली प्रसिद्ध झाले, गरोदरपण ते बाळाचे पहिले वर्ष या काळात सुमारे १० टक्के बापांमध्ये ते आढळले होते. आपल्याकडे बाळंतिणीची नीट विचारपूस होत नाही, तिथे बापाची कोण करणार? सुदैवाने त्यांना औषधाची गरज पडली नाही, महिन्याने पुन्हा दाखवण्यास सांगितले गेले.

यानंतरचे काम अगदी घरगुती होते आणि खरा वेळ त्यालाच लागला. मालिशवाल्या बाई तिसऱ्या महिन्यानंतर बंद झाल्या होत्या, म्हणून रोज सकाळची मुलीची अंघोळ वडिलांनी घालायची, असे ठरले. त्यांच्या आईने पाय पसरून, बाळाला पायांवर पालथे घेऊन तेल लावायची पद्धत दाखवली, पण यांचे पाय पाटावर सरळ होईनात आणि कंबर धरली. पाठदुखी हे सगळेच्या सगळे निमित्त नव्हते. तरुण बापाला न येणाऱ्या अडचणी या वयात येतात आणि त्या नाकारण्यात अर्थ नसतो. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे व्यायाम शिकून घेतले, ओट्याच्या उंचीचे मजबूत टेबल न्हाणीघराबाहेर लावले आणि त्यावर टब ठेवून उभ्याने अंघोळ घालायला सुरुवात केली. टेबलावरच्या बाळावरून हात क्षणभरही काढायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांना पाठ झाला. रात्रीचे जागरण दोघांनी वाटून घेतले, त्यात पहाटे चारनंतरची पाळी यांची, कारण जाग त्यांना तशीही त्याच सुमारास येत असे.

त्यांच्या आईने, म्हणजे मुलीच्या आजींनी, एकदा त्यांना सुनावले होते, "तुझे धाकटे काका झाले तेव्हा तुझे आजोबा पन्नाशीलाच टेकले होते, त्यांनी कुठे वह्या लिहिल्या?" आजींचे म्हणणे खरे होते. जुन्या घरांत पन्नाशीतले बाप दुर्मीळ नव्हते, मामा आणि भाचा एकाच वर्गात असत आणि शेंडेफळाचे लाड सगळ्या घराला पुरत. परंतु त्या आजोबांच्या मुलाला पाठीशी चार मोठी भावंडे होती, घर भरलेले होते. येथे पहिलेच मूल शेंडेफळ होते. हा फरक आजींच्या वाक्यात बसत नाही, म्हणून अशा बापांना मी नेहमी सांगते की पैशांच्या तरतुदीबरोबर माणसांची तरतूद करावी. या गृहस्थांनी आपल्या २४ वर्षांच्या भाच्याला आणि पत्नीच्या बहिणीला मुलीच्या रोजच्या आयुष्यात आणले, म्हणजे सणावारी भेटणारे नव्हे, तर आठवड्यातून एकदा तिला फिरायला नेणारे. दोघा नवराबायकोंनी मृत्युपत्रे केली आणि दोघेही नसतील तर मुलीचे पालकत्व कोणाकडे असावे, हे त्या व्यक्तीला आधी विचारून त्यात लिहिले. नॉमिनीचे नाव घातले की वारसाचा प्रश्न मिटतो, असे ते समजत होते, ती समजूत वकिलांनी दूर केली. सुकन्या खात्यात पंधरा वर्षे पैसे भरायचे असतात आणि त्यांतली शेवटची पाच निवृत्तीनंतर येतात, म्हणून ती रक्कम निवृत्तिवेतनाच्या अंदाजात बसवून ठेवली. हे सगळे दोन रविवारी उरकले, आणि मी ते मुद्दाम दोनच रविवारी उरकायला लावले.

नवव्या महिन्याच्या लशीला ते स्वतः मुलीला घेऊन गेले. यावेळी आजोबा कोणी म्हणाले नाही, पण अर्ज भरणाऱ्या मुलीने "बाळाचे कोण?" असे विचारले, आणि त्यांनी काहीसे मोठ्यानेच "वडील" असे सांगितल्याचे त्यांच्या पत्नीने मला हसत सांगितले. वही त्यांनी फेकलेली नाही. लाल रेघ खोडलेली नाही, पण तिच्याखाली ७१ पासून ८० पर्यंतचे आकडे पेन्सिलीने लिहिले आहेत आणि समोरचा मजकूर रिकामा सोडला आहे.

शेवटच्या भेटीत ते निघताना मी त्यांच्या काळ्याभोर केसांकडे पाहिले, हे त्यांच्या लक्षात आले असावे. दारातून वळून म्हणाले, "मॅडम, कलप राहू द्या. ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे." मी पुढे काही विचारले नाही.