आईचं इंग्रजी अडखळतं म्हणून लोक तिला कमी लेखतात. परदेशात अशा घरात वाढलेल्यांना काय वाटतं?

राग येतो, आणि लहानपणी तो काढायचा कुणावर तेच कळत नाही. माझे बाबा घरी आमच्या भाषेत हिशेबापासून राजकारणापर्यंत कशावरही मुद्देसूद बोलायचे. काउंटरपलीकडचा माणूस मात्र त्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायचा आणि दुसऱ्याच वाक्याला माझ्याकडे वळायचा. काम बाबांचं, पैसे बाबांचे, उत्तर मात्र शाळकरी मुलीकडून हवं! बाबा तक्रार करायचे नाहीत. पुढच्या वेळी आत जाण्याआधी वाक्य पुटपुटून बघायचे, एवढंच.

दोष फक्त त्यांच्या बोलण्यात नव्हता, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. १९९२ साली डोनाल्ड रुबिन या अमेरिकी संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकी विद्यार्थ्यांना एकाच ध्वनिफितीवरचं व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका हेल जाणवला आणि व्याख्यान समजलंही कमी. २०१० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ कायसर यांनी दाखवलं, की परक्या हेलात बोललेली साधी सामान्यज्ञानाची विधानंही लोकांना कमी खरी वाटतात. बाबांचं खरं बोलणंसुद्धा लोक दोनदा का तपासायचे, ते तेव्हा उमगलं.

दवाखान्याचं वेगळं सांगते, कारण तिथे नुकसान मोठं होऊ शकतं. आजाराची माहिती आईला मुलाने समजावून सांगायची, हे मुलावरही अन्याय करणारं आहे. अमेरिकेत असाल तर केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयाला २०१०च्या आरोग्यसेवा कायद्याखाली दुभाषा मोफत द्यावा लागतो, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाला दुभाषा करता येत नाही. वेळ घेतानाच दुभाषा मागा. संकोच करू नका.

बाकी ठिकाणी कुणी आईला सोडून तुमच्याकडे वळलं, तर 'तिलाच विचारा' म्हणा आणि थोडं मागे सरका. ती अडखळली तरी वाक्य तिचं तिला पुरं करू द्या. मदत हवी असेल तर ती तुमच्याकडे बघेलच.